निकाली

४ फेब्रुवारी

तुमच्या आयोगाला फोन करायला दुसरं कुणी सापडलं नाही? धाकटीनं अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, की मुकादम लॉन्ड्रीतल्या बायकांना एकेकटीला स्टोअरात बोलावतो, चादरी मोजायच्यात म्हणतो आणि आतून कडी घालतो. पुढचंही लिहिलं होतं, ते मी परत लिहीत नाही. आणि त्या अर्जाची चौकशी करायला तुम्ही फोन लावलात तो त्याच लॉन्ड्रीत! इस्पितळाच्या लॉन्ड्रीत फोन एकच, तो मुकादमाच्या टेबलावर. मग उचलणार कोण? तुमची बाई मध लावून विचारते, "महिला आयोगातून बोलतेय, तुमच्याकडे बायकांना काही त्रास आहे का हो?" तो म्हणाला, "छे छे ताई, आमच्याकडे सगळं घरच्यासारखं." ती म्हणाली, "थँक्यू." झाली चौकशी! फोन ठेवून त्यानं दोघांचेही आवाज काढून सगळ्या बायकांना नक्कल करून दाखवली. बायका हसल्या. न हसून सांगतात कुणाला?

चि. थोरलीस आशीर्वाद. हे आधी लिहायला बसले असते तर राग निवला असता, म्हणून मागून लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीला इस्त्रीवरून काढून ऑपरेशनच्या मळक्या कपड्यांवर घातलंय. तिची इस्त्री बघायला डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहायच्या. आता रक्ताच्या चादरी वेगळ्या करते. घरी आली की कोपरापर्यंत हात धुते, पुसते, परत धुते. विचारलं तर म्हणते, "काही नाही आजी." ही पोरगी काही नाही म्हणाली की समजावं, पुष्कळ काही आहे.

तू तिथं नोकरीला लागलीस तेव्हा मी गल्लीभर सांगितलं होतं, की माझी थोरली नात बायकांच्या सरकारात आहे. आता गल्ली विचारते, काय म्हणतं तुमचं सरकार? मी सांगते, थँक्यू म्हणतं.

आजी

१३ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं. फोन झाला तो चुकलाच. पण फोन करणारी मुलगी नवी आहे, आणि अर्जावर घरचा नंबर नव्हता, कारण आपल्याकडे फोनच नाही. कामाच्या ठिकाणचा होता, तिनं तो फिरवला.

तू समजतेस तसं आयोग म्हणजे पोलीस नव्हे. आम्ही कुणाला पकडत नाही, कुणाला कामावरून काढत नाही. आम्ही शिफारस करतो. कायद्यानं प्रत्येक कामाच्या ठिकाणी एक अंतर्गत समिती असावी लागते. इस्पितळातही आहे. धाकटीचं प्रकरण मी त्या समितीकडे वर्ग केलं आहे. समिती दोन्ही बाजू ऐकेल आणि आम्हाला कळवेल. शिवाय जनजागृतीसाठी लॉन्ड्रीत लावायला पोस्टर पाठवली आहेत.

धाकटीला म्हणावं, घाबरू नकोस. मी इथं आहे ना.

तुझी थोरली

ता. क. – इथं माझी धाकटी बहीण म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. नात्यातलं प्रकरण म्हटलं की वेगळा अर्थ काढतात. तू सांभाळून घेशीलच.

१ मार्च

वर्ग केलं म्हणजे काय गं? शाळेत घातलंस? मग गुरुजी कोण आहेत ते तरी विचारायचं होतंस!

समितीच्या अध्यक्षा म्हणजे मेट्रनबाई. त्यांची बदली होऊन पावसाळा उलटला, नव्या आलेल्या नाहीत. एक सभासद हिशेबनीस. तो बिचारा मान वर करून बाईकडे बघत नाही, एवढ्यावर त्याला बायकांच्या समितीत घेतलंय. आणि समितीचा सचिव कोण? मुकादम! का? तर समिती भरते स्टोअरात आणि स्टोअरची किल्ली त्याच्याकडे. मला वाटलं, नुसतं दार उघडून देऊन जाईल. धाकटी घरी आल्यावर म्हणाली, "आजी, पाण्याचा पेलासुद्धा त्यानंच पुढे केला."

मी बाहेर उभी होते. दार उघडं ठेवलं होतं. त्या दाराला उघडं राहायची सवय नाही, सारखं मिटायला बघत होतं, तर मुकादमानं खाली साबणाचा डबा लावला. आतलं सगळं ऐकू येत होतं.

हिशेबनीस म्हणाला, "बाई, तुमचा काही गैरसमज झाला असेल का?"

धाकटी म्हणाली, "झाला असेल साहेब. पण माझा नाही, मुकादमांच्या हाताचा."

हिशेबनिसाला खोकला आला. तो पुरता थांबल्यावर म्हणाला, "बरं, हजेरीची सही करा." तिनं केली. संपली समिती. मुकादम बाहेर येताना मला म्हणतो, "नमस्कार आजी, या उन्हात कशाला त्रास घेतलात?" असा गोड की माशा बसाव्यात.

आणि तुमची पोस्टरं पोहोचली. गुलाबी. एक बाई हात उंचावून उभी आणि खाली लिहिलंय, "आवाज उठवा, आम्ही ऐकत आहोत." मुकादमानं स्वतः खळ लावून, कोपरे दाबून, सरळ रेषेत चिकटवली. कुठं, सांगू? स्टोअरच्या दाराला, आतल्या बाजूनं. कडी घातली की बाईच्या अगदी डोळ्यासमोर येतं.

आणखी एक. मागच्या पत्रात वर 'महोदया' लिहून खोडलंयस. खोडलंस ते बरं केलंस, पण हाताला आधी तेच सुचलं ना? ऑफिसात आजी होत नसतात, महोदया होतात. आणि ता. क.मधे सांभाळून घ्यायचं लिहिलंयस. मी तोंड बंद ठेवीन. बहीण कुणाची ते देवाला माहीत आहे, आयोगाला नसलं तरी चालेल.

आजी

१९ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

घाईत लिहितेय. आयोगाचा वर्धापन दिन पुढच्या आठवड्यात आला. अध्यक्षबाईंचं भाषण, वार्षिक अहवाल, पाहुण्यांची यादी, सगळं माझ्या टेबलावर. दोन दिवस धड जेवलेली नाही.

सांगायचं एवढंच, की धाकटीचं प्रकरण निकाली निघालं आहे. काळजी करू नकोस. बाकी सविस्तर कार्यक्रम उरकल्यावर.

तुझी थोरली

२४ मार्च

तुझ्या आयोगाला जे जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. उरलेलं निम्मं राहू दे, पुढं उपयोगी पडेल.

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद. तुमच्या शिफारशी आणि वर्ग मला कळले नाहीत, पण हा शब्द कळला. आयोगाचा पहिलाच शब्द असेल जो वाचल्याबरोबर समजला. निकाली निघालं! म्हणजे निकाल लागला. मी पत्र धाकटीच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आजी, काय निकाल लागला ते लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "अगं, हरलो असतो तर काळजी करू नकोस असं लिहिलं असतं का? तुझी बहीण आहे ती, दुष्मन नाही."

ती म्हणाली, "थोरलीला एकदा विचारून घेऊ का?"

मी म्हटलं, "शाईनं लिहिलंय, परत काय विचारायचं! उद्या सकाळी मळक्या ढिगाकडे बघायचंसुद्धा नाही. सरळ इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहा. मुकादम आला की चार बायकांच्या देखत सांग, तुझा निकाल लागलाय, आता किल्ली ठेव खाली."

रात्री ती नीट जेवली. किती दिवसांनी, ते मी मोजत नाही. गल्लीत मी सांगून टाकलंय. समोरची म्हणाली, "सरकार थँक्यू सोडून दुसरं काही बोललं वाटतं!" बोलू दे. जळते ती.

अध्यक्षबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, उशिरा का होईना, बाईमाणूस बाईच्या कामाला आलं.

आजी

२९ मार्च

आजी,

पत्र आत्ता हातात पडलं. धाकटीला पाठवू नकोस. गेली असेल तर परत बोलाव. मुकादमाला एक अक्षर बोलायला सांगू नकोस.

निकाली म्हणजे तू समजलीस ते नव्हे. निकाली म्हणजे फाइल बंद झाली. कुणाच्या बाजूनं असं नसतं. समितीनं कळवलं, की तक्रारदार स्वतः हजर होत्या, त्यांनी सही केली, त्यांची आता तक्रार नाही. ते आलं की आमच्याकडून बंद होतं. ऑफिसात दिवसभर हाच शब्द असतो गं, तो तुलाही लिहून गेले. मला वाटलं, तुला कळेल.

लॉन्ड्रीत फोन करू शकत नाही. तो कोण उचलतो ते तूच लिहिलं आहेस. म्हणून हे पत्र. लवकर पोहोचू दे.

थोरली

६ एप्रिल

मी 'बाई' कधीपासून झाले? नाक पुसायला शिकवलं ती मी, आणि तू काचेपलीकडून मला म्हणतेस, "बाई, बसा, नंबर आला की बोलावतील"? सगळ्यांच्या देखत? मी बसले. तुझ्यासाठी नाही, गुडघ्यासाठी.

पण क्रमानं लिहिते.

तुझं पत्र वरातीमागून आलं. धाकटी पंचवीस तारखेलाच गेली होती. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली आणि मी पढवलेलं सगळं बोलली, एक शब्द गाळला नाही. मुकादमानं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून कागद काढला. तुमच्या आयोगाची प्रत त्याला पोस्टानं आली होती, शिक्क्यासकट. तक्रार जिची, तिला प्रत नाही. तक्रार ज्याच्यावर, त्याला प्रत! त्यानं मोठ्यानं वाचलं, "तक्रारदार समाधानी असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." वाचून तिच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "समाधानी आहेस ना गं?"

तिथल्या धुण्याच्या मोठ्या मशीनवर एक बाई असते, मशीनवाली म्हणतात. तिला ऐकू कमी येतं. तिनं मशीन बंद केलं आणि विचारलं, "काय म्हणाला? काय म्हणाला?" कुणी सांगेना. ती आपली प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

धाकटीनं एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि घरी आली. इस्पितळानं लिहून टाकलं, स्वखुशीनं काम सोडलं. तिकडेही समाधानी, इकडेही स्वखुशी. एवढी सुखी पोरगी अख्ख्या मुलखात नसेल. भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. मला बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

म्हणून मी तुमच्याकडे आले. कसली गं ती इमारत! बाहेर कुंड्या, आत कुंड्या. झाडांना पाणी घालायला माणूस आहे, मला पाणी विचारायला नव्हता. मी बसले होते तेवढ्यात अध्यक्षबाई बाहेर आल्या. मागे चार जण, एकाच्या हातात कॅमेरा. मला बघून थांबल्या. "अय्या, आजी! या वयात हक्कांसाठी आलात? किती प्रेरणादायी!" आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघाला. मी म्हटलं, "बाई, एक विचारते. निकाली म्हणजे काय हो?" त्या हसून म्हणाल्या, "निकाली म्हणजे आपलं यश, आजी! यंदा शंभरातली नव्वद प्रकरणं निकाली काढली आपण." मी म्हटलं, "आणि त्या नव्वदातल्या बायका?" तोवर त्या गाडीत बसल्या होत्या. गाडी चांगली आहे. दारसुद्धा आवाज न करता लागतं.

तू काचेपलीकडे मान खाली घालून कागद लावत होतीस. वर बघितलं नाहीस. आता मला एवढंच लिही: तक्रारदार समाधानी, हे तिथं कुणी लिहिलं? समितीनं कळवलं म्हणू नकोस. समितीला मी बघून आले आहे.

आजी

१२ एप्रिल

ती. आजीस,

मी लिहिलं.

समितीच्या पत्रात 'सध्या तक्रार नाही' एवढंच होतं. वर्धापन दिन तोंडावर होता, अहवालाचा आकडा द्यायचा होता, आणि 'समाधानी' लिहिलं की वरून प्रश्न येत नाहीत. आम्ही सगळेच तसं लिहितो. गठ्ठ्यातला एक कागद म्हणून लिहून गेले. आपल्या धाकटीचा आहे हे नावावरून कळलं होतं. तरी लिहिलं. इथं माझी नोकरी वर्षावर्षाची आहे आणि या महिन्यात वाढवायची की नाही ते ठरतंय. म्हणून तुला बाई म्हणाले. तू गेल्यावर माझ्या शेजारची म्हणाली, "म्हातारी खमकी होती, कुणाची गं?" मी म्हटलं, माहीत नाही.

याच्यावर तू जे बोलशील ते मी ऐकेन. पण त्याआधी कामाचं ऐक.

जुनं प्रकरण उघडायला अध्यक्षबाईंची सही लागते. त्या करणार नाहीत, कारण एक उघडलं की निकालींचा आकडा एकानं उतरतो. पण नवी तक्रार आली तर इथं कुणी नाराज होत नाही. तक्रारी वाढल्या की अध्यक्षबाई भाषणात म्हणतात, बघा, जागृती वाढली! तेव्हा नवी तक्रार द्या. एकटीची नको, एकटीची परत समितीकडे जाईल. तीन-चार जणींची मिळून आली तर आयोगानं स्वतः जागेवर जाऊन जबाब घ्यावेत असं आमच्या नियमात आहे. कुणी जात नाही, कारण गाडी कायम उद्घाटनाला गेलेली असते. पण नियम आहे. तक्रार आली तर मी स्वतः जाण्याची परवानगी मागेन. बहीण आहे हेही लिहून देईन. मग नोकरीचं जे व्हायचं ते होवो. जोडीला दुसरी कुणी द्या म्हणेन, म्हणजे माझ्या एकटीच्या शब्दावर अडणार नाही.

पण लॉन्ड्रीतल्या बायका सह्या करतील का? त्या तर त्याच्या नकलांना हसतात.

थोरली

२० एप्रिल

हसणाऱ्या बाईला तू कधी जवळून बघितलं नाहीस. तुमच्या कुंड्यांमधून कसं दिसणार!

मागच्या पत्राबद्दल मी काही बोलत नाही. बोलण्यासारखं एवढं आहे, की त्याला पोस्टाचं पाकीट पुरायचं नाही. तू येशील तेव्हा समोर बसवून बोलेन. पोटभर जेवून ये.

आता इकडचं. तुझ्या पत्राच्या आधीच, मागच्या रविवारी, मशीनवाली आली. कानाशी हात धरून म्हणाली, "त्या दिवशी तो काय म्हणाला, ते मला अजून कुणी सांगितलं नाही." मी ओरडून सांगितलं. मोठ्यानं ओरडावं लागलं, त्यामुळं गल्लीलाही कळलं. तिनं कानाशी धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाली, "मी बहिरी म्हणून मला पहिल्यांदा नेलं होतं स्टोअरात. त्याला वाटलं, हिला ऐकू येत नाही म्हणजे बोलताही येत नसेल." तिच्या मागोमाग दोघी शिवणाऱ्या आल्या, फाटक्या चादरी शिवतात त्या. मग नकलेला सगळ्यात मोठ्यानं हसली होती, ती आली. ती आत येऊन आधी रडली, मग मलाच म्हणाली, "आजी, आमचाही निकाल लावा." त्यांना वाटतंय, मी लावते! माझ्या एका शब्दाच्या अडाणीपणातून एवढं निघालं. तुमच्या गुलाबी पोस्टरांतून एक बाई निघाली नाही.

तर सध्या माझ्या घरात आयोग बसतो. खुर्च्या दोनच आहेत. अध्यक्ष नाही, म्हणून काम होतं. गाडी नाही, म्हणून सगळ्या वेळेवर येतात. समोरची चहा आणून देते. जळकी आहे, पण कामाची आहे. चौघींनी सह्या केल्या, अर्ज सोबत जोडलाय. त्यावर घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहायला लावलाय. लॉन्ड्रीच्या फोनचा आकडासुद्धा त्यात नाही.

धाकटीची सही त्यावर नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

चौघी तिच्या अवतीभवती बसल्या, मिनतवाऱ्या केल्या. मशीनवालीनं तर तिचा हात धरून पेन बोटात दिलं. तिनं ते खाली ठेवलं. म्हणाली, "सही केली की तिचं समाधान करतात." मी म्हटलं, "या वेळी थोरली स्वतः बघणार आहे." तर माझ्याकडे वळून बोलली. पंधरवड्यात पहिल्यांदा बोलली असेल. म्हणाली, "आजी, फोन झाला तो मुकादमाला विचारायला. समिती बसली ती हिशेबनिसाला काय वाटतं ते लिहायला. समाधानी आहे, ते थोरलीनं लिहिलं. आणि निकाल लागला, ते तू सांगितलंस. मला कुणी विचारलं?"

मी उठून चौघींचे कप विसळायला घेतले. लिहून ठेव, असं वारंवार होत नाही.

तेव्हा परवानगी माग. मिळाली तर गाडीनं ये, नाही मिळाली तर रजा काढून बसनं ये. नोकरी गेली तर इथं खुर्च्या दोन आहेत, एक तुझी. लॉन्ड्रीत जाऊन चौघींचे जबाब घे, ते तुमचं काम. पण त्याआधी घरी यायचं. समितीनं काय कळवलं, नियम काय म्हणतो, यातलं एक अक्षर काढायचं नाही. धाकटीसमोर बसायचं, आणि काय झालं, तुला काय हवंय, ते तिला विचारायचं. ती गप्प राहिली तर तूही गप्प राहायचं, उठायचं नाही. मधे मी बोलायला लागले तर मला बाहेर काढायचं. मशीनवाली तयार आहे, तिला मी सांगून ठेवलंय.

या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस, अध्यक्षबाईंनी नाही आणि मीही नाही. उत्तर धाकटीनं द्यायचं.

आजी